रक्तातली वेळ

मैथिली किती वाजता झोपायची, हा प्रश्न अकरा वर्षांत मंजूषा काळमेघला कुणीच विचारला नव्हता. पोलिसांनी विचारला नव्हता, वकिलांनी विचारला नव्हता. तो विचारायला नागपूरहून एक शास्त्रज्ञ बाई चिंचखेडला येईल आणि आपल्या दिवाणखान्यात खुर्चीच्या कडेवर अवघडून बसेल, असं तिच्या मनातही आलं नसतं.

डॉ. निवेदिता टेंभेकर एका संशोधन संस्थेत रक्तावर काम करायची. पस्तिशीची असेल. आपण इथे यायला नको होतं, हे तिने आल्या आल्याच सांगून टाकलं. संस्थेला निकाली निघालेल्या खटल्यांमधले रक्ताचे जुने डाग तपासायला मिळत. त्यांच्यावर फक्त क्रमांक आणि निकालात धरलेली वेळ असे, आणि क्रमांकामागचं नाव शोधायचं नाही अशी अट होती. निवेदिताने ती मोडली होती, कारण दोन डागांची उत्तरं निकालातल्या वेळेशी काही केल्या जुळत नव्हती.

“नऊला झोपायची,” मंजूषा म्हणाली. “सहाला उठायची. सुट्टीच्या दिवशीही तसंच. अंगवळणीच पडलं होतं तिच्या.”

आणि तुमचे मिस्टर, असं निवेदिताने विचारलं. हेमंत साडेदहाला आडवा व्हायचा आणि साडेपाचला उठून फिरायला जायचा, थंडी असो की पाऊस. निवेदिताने सगळ्या वेळा लिहून घेतल्या आणि पुन्हा एकदा विचारून पाहिल्या. काहीतरी वेगळं ऐकायला मिळेल अशी आशा घेऊन ती आली असावी.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या डिसेंबरात मंजूषा सरकारी रुग्णालयात परिचारिका होती आणि तिला रात्रपाळी होती. सकाळी ती घरी आली तेव्हा मागचं दार सताड उघडं होतं. हेमंत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडलेला होता आणि मैथिली त्याच्या मागे, ओट्याला टेकून. ती अकरा वर्षांची होती. यापुढचं मंजूषा कधी कुणाला सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे.

खुनी दुसऱ्याच दिवशी सापडला होता. घराला रंग द्यायला येणारा गुणवंत सलामे. रात्री साडेनऊच्या सुमारास हेमंतच्या नव्याकोऱ्या इलेक्ट्रिक मोटारसायकलवर घाईघाईने जाताना शेजाऱ्यांनी त्याला पाहिलं होतं. गाडी सापडली ती चाळीस किलोमीटरवरच्या एका आरोग्य केंद्राच्या दारात. गुणवंतची बायको तिथे बाळंत झाली होती. गाडी साहेबांनीच दिली, असं तो म्हणत राहिला. पण हेमंतचा धाकटा भाऊ विवेक याने साक्षीत सांगितलं, की भाऊ नव्या गाडीला कुणाला हात लावू देत नसे. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूची वेळ आठ ते दहाच्या दरम्यान धरली. गुणवंतच्या झोळीत रंग खरवडायचं पातं होतं, आणि जखमा तशाच पात्याच्या होत्या.

गुणवंत रात्रभर आरोग्य केंद्रात होता हे कुणी नाकारलं नाही. उलट सरकारी वकिलांनी तेच उचलून धरलं. एका मुलीचा जीव घेऊन हा माणूस शांतपणे दवाखान्यात गेला आणि त्याच हातांनी त्याने पहाटे स्वतःची नवजात मुलगी उचलून घेतली, असं ते म्हणाले. न्यायाधीशांनी ते वाक्य जसंच्या तसं निकालपत्रात घेतलं. जन्मठेप पुरेशी का नाही, याचं मुख्य कारण तेच होतं. पुढे प्रत्येक वरच्या न्यायालयाने फाशी कायम केली, आणि गेल्या पावसाळ्यात दयेचा अर्जही फेटाळला गेला.

“ताई, मी काय सांगते ते नीट ऐका,” निवेदिता म्हणाली. “तुम्ही नर्स होता, तुम्हाला कळेल.”

आणि तिने सांगितलं. माणसाच्या शरीरातल्या बहुतेक प्रत्येक पेशीला दिवस-रात्रीचं भान असतं. रक्तातल्या तांबड्या पेशीला केंद्रकसुद्धा नसतं, तरी तिच्यात हे घड्याळ चालतं. प्राणवायू वाहता वाहता तिच्यातली काही प्रथिनं लोखंड गंजावं तशी गंजतात आणि पुन्हा लख्ख होतात. हा फेरा चोवीस तासांचा. संध्याकाळी गंज एका पातळीवर असतो, पहाटे दुसऱ्या. रक्त शरीराबाहेर येऊन वाळलं की तो फेरा असेल तिथे थांबतो आणि मग वर्षानुवर्षं तसाच राहतो. वाळताना हवेमुळे चढणारा गंज प्रथिनाच्या वेगळ्या जागी बसतो. तो ओळखून बाजूला कसा काढायचा, हेच निवेदिताने सहा वर्षं खपून शोधलं होतं. रेणूंचं वजन करणारी नवी यंत्रं आल्यामुळे वाळलेल्या रक्ताच्या कणभर खपलीवरून ते रक्त दिवसाच्या कोणत्या प्रहरी सांडलं, हे आता तासाभराच्या फरकाने सांगता येत होतं. फक्त एक अडचण होती. उशिरा झोपणाऱ्याचं घड्याळ मागे असतं आणि लवकर उठणाऱ्याचं पुढे. त्यामुळे त्या माणसाच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा माहीत असाव्या लागतात.

“म्हणून विचारलंत,” मंजूषा म्हणाली.

“हो. त्या दोघांचं रक्त पहाटे साडेतीन ते साडेचारच्या मधे सांडलेलं आहे.”

मंजूषाने परिचारिकेसारखे प्रश्न विचारले. नमुना ओला झाला असेल तर? गरम झाला असेल तर? डागांची अदलाबदल झाली असेल तर? निवेदिताने एकेकाचं उत्तर दिलं. डॉक्टरांची वेळ कशी चुकली, हे तर मंजूषाला स्वतःलाच कळलं. डिसेंबरची थंडी, उघडं दार, उघडी फरशी. अशात शरीर लवकर गार पडतं, आणि त्यावरून वेळ काढली की ती मागे सरकते. हे तिला तेव्हाही माहीत होतं. तेव्हा डोकं चालत नव्हतं.

“मग कोण?” तिने शेवटी विचारलं.

“ते रक्त सांगत नाही, ताई.”

निवेदिता गेल्यावर मंजूषा दिवा न लावता बसून राहिली. अकरा वर्षं तिच्या रागाला एक चेहरा होता. कोर्टात तो खाली मान घालून उभा असे आणि ती त्याच्याकडे टक लावून बघत असे. दयेच्या अर्जाच्या वेळी तिने स्वतः निवेदन दिलं होतं, की या माणसाला दया दाखवू नये. आता तिला तो चेहरा आठवेना. आठवत होता तो हेमंत. शेजारच्यांना शिडी देणारा, पाहुण्यांना स्वतःची छत्री देऊन आपण भिजत येणारा, आणि तिच्याकडून बोलणी खाणारा हेमंत.

* * *

विवेकला तिने दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. या दिराने तिला आधार दिला नसता तर ती उभीच राहिली नसती. प्रत्येक तारखेला तो तिच्या सोबत आला होता, दिवाळीला न चुकता मुलांना घेऊन यायचा, तिच्या दुखण्याखुपण्याला वहिनी-वहिनी करत धावायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, की फाशी टळावी म्हणून शेवटच्या क्षणी असे शास्त्रज्ञ उगवतातच. तिने हेमंतच्या स्वभावाचा विषय काढला, तशी त्याची मुद्रा बदलली.

“म्हणजे मी कोर्टात खोटं बोललो, असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“तुम्हाला वाटलं ते तुम्ही बोललात, भाऊजी.”

“एक लक्षात ठेवा वहिनी. तुम्ही त्या माणसाच्या बाजूने उभ्या राहिलात, तर मी पुन्हा या घराची पायरी चढणार नाही.”

तिने त्याला अडवलं नाही. तो गेला, आणि जाताना आईवडिलांच्या फोटोला नमस्कार करून गेला, हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

गुणवंतचे वकील काझी नागपूरला एका जुन्या इमारतीत बसायचे. सरकारच्या विधी साहाय्यातून हे प्रकरण त्यांच्याकडे आलेलं होतं. मयताच्या बायकोला आपल्या दारात बघून ते गडबडले, मग त्यांनी स्वतः उठून पाणी आणून दिलं. त्यांनी जे समजावलं ते मंजूषाला दोनदा ऐकावं लागलं.

चार वर्षांपूर्वी नवा कायदा आला होता. फाशीच्या कैद्यांना अर्जामागून अर्ज करत वर्षानुवर्षं दोराखाली जगावं लागतं, ही त्या शिक्षेहून मोठी क्रूरता आहे, असं सगळ्यांचं मत पडलं होतं, आणि ते चुकीचंही नव्हतं. म्हणून दयेचा अर्ज फेटाळल्यानंतर एकदाच, एकाच ठिकाणी दाद मागायची, असं ठरलं. त्यासाठी भोपाळला अंतिम पुनर्विलोकन पीठ नेमलं गेलं. त्या पीठाने काय तपासायचं हेही कायद्यानेच ठरवून दिलं. दया नाकारताना सगळे कागद पुढे ठेवले होते का, अवाजवी उशीर झाला का, कैद्याचं डोकं ठिकाणावर आहे का. त्याने खून केला की नाही हा प्रश्न त्या दारात विचारायचाच नाही. तो खालच्या न्यायालयांत कायमचा सुटलेला आहे.

“नवा पुरावा आला तरी?” मंजूषाने विचारलं.

नवा शास्त्रीय पुरावा घेता येतो, काझी म्हणाले, पण ती पद्धत सरकारच्या न्यायवैद्यक परिषदेने आधी मान्य करून जाहीर केलेली असली तर. निवेदिताची पद्धत परिषदेपुढे होती. तिथे अजून तीन प्रयोगशाळांनी ती पडताळून पाहायची होती. वर्ष तरी जाणार होतं, आणि फाशीची तारीख तर महिन्यावर आलेली.

“मग तुम्ही काय करणार?”

“अर्ज टाकणार. आजवर मारल्या गेलेल्यांच्या घरचं कुणी कैद्यासाठी त्या पीठासमोर उभं राहिलेलं नाही. तुम्ही उभ्या राहिलात तर निदान ऐकावं लागेल त्यांना.”

* * *

गुणवंतला भेटायची परवानगी काझींनी मिळवून दिली. मधे जाळी होती. तो बाहेर आला तेव्हा मंजूषाने त्याला ओळखलं नाही. केस पार पांढरे झालेले, अंगाने निम्मा. तिला पाहून त्याने हात जोडले आणि तो उभाच राहिला. बसा म्हटल्यावर बसला.

काय बोलायचं हे तिने येताना ठरवलं होतं. त्यातलं तिला काहीही बोलता आलं नाही. तिने एवढंच विचारलं, की गाडी देताना ते काय म्हणाले होते.

गुणवंतने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. अकरा वर्षांत हा प्रश्न त्याला उलटतपासणीशिवाय कुणी विचारला नसावा.

“मी मागच्या दारी आलो, बाई. सुगंधाच्या पोटात दुखाले लागलं, असा गावाहून फोन होता. शेवटची बस गेली होती. साहेबाले म्हटलं, कोनाची गाडी मियल का. साहेबांनी खिशातून चावीच काढली. म्हने, चार्जिंग जायापुरतं आहे, तिथं गेल्यावर लावून घे. पोरगी टेबलाजवळ चित्र काढत बसली होती. तिले म्हने, तुह्या वेळेले मी गाडी शोधत पायी फिरलो होतो.”

मंजूषाने जाळी धरली. मैथिलीच्या जन्माच्या वेळी हेमंत खरोखरच तासभर वाहन शोधत फिरला होता. ती गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. तो स्वतः कधी सांगत नसे, त्याला त्याची लाज वाटायची.

“हे तुम्ही कोर्टात का नाही सांगितलं?”

“सांगितलं ना. गाडी साहेबांनी देली म्हनून सांगितलं. बाकीचं कोनी विचारलं नाही.”

ती माफी मागायला लागली तेव्हा त्याने मान हलवली. तुमचं तर सगळंच गेलं, तुम्ही काऊन माफी मागता, असं तो म्हणाला. त्याची एकच मागणी होती. काही झालं तरी शेवटच्या भेटीला चांदणीला आणू नये, असं सुगंधाला सांगावं. चांदणी म्हणजे त्याची मुलगी, त्या रात्री जन्मलेली. आपण सांगितलं तर सुगंधा ऐकणार नाही, बाईने सांगितलं तर कदाचित ऐकेल, असं त्याला वाटत होतं.

* * *

भोपाळला सुगंधा आली ती चांदणीला घेऊनच. घरी ठेवायला कुणी नव्हतं. दोन्ही बायका पीठाच्या बाहेरच्या बाकावर एकमेकींपासून हातभर अंतर ठेवून बसल्या. सुगंधा शेतमजुरीने वाळलेली, फारसं न बोलणारी बाई. इतक्या वर्षांत तिने मंजूषाला कोर्टात अनेकदा पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी नजर चुकवली होती. आज ती चुकवत नव्हती, पण काही बोलतही नव्हती. बोलली ती चांदणी.

“माझ्या बाबांनी मला हातात घेतलं होतं, असं निकालात लिहिलं आहे ना?” तिने हळूच विचारलं. “शाळेतली एक मुलगी म्हणाली.”

“हो,” मंजूषा म्हणाली. “लिहिलं आहे.”

“मग ते खरं असेल,” असं म्हणून ती मुलगी समाधानाने पाय हलवत बसली.

आत तीन न्यायमूर्ती होते. अध्यक्ष वयस्कर होते आणि थकलेले दिसत होते. निवेदिताला साक्षीला बोलावण्याची परवानगी त्यांनी नाकारली, कारण पद्धत जाहीर झालेली नव्हती. पण मयताच्या पत्नीचं म्हणणं ऐकायला त्यांची हरकत नव्हती. मंजूषाने ते सांगितलं. झोपण्या-उठण्याच्या वेळा, थंडी, उघडं दार, हेमंतचा स्वभाव, तुरुंगातली भेट.

मग सरकारच्या वकीलबाई उठल्या. त्यांचा आवाज मऊ होता. मुलगी रोज नऊला झोपायची, यावर हे सगळं गणित उभं आहे ना, असं त्यांनी विचारलं. मंजूषा हो म्हणाली.

“त्या रात्री ती नऊला झोपली होती का?”

मंजूषापुढे दोन उत्तरं होती. एक सोपं होतं, आणि ते खोटं ठरवणारं कुणी जिवंत नव्हतं. काझी खाली बघत होते. पण तिने नुकतीच शपथ घेतली होती, आणि खोट्या-अर्धवट साक्षींनी काय होतं हे तिच्याइतकं त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “नऊनंतर ती जागी होती. चित्र काढत होती. गुणवंतनेच मला सांगितलं.”

“म्हणजे रोजचा क्रम त्या रात्री मोडलेला होता,” असं म्हणून वकीलबाई खाली बसल्या.

एका रात्रीच्या जागरणाने शरीराचं घड्याळ फार तर काही मिनिटं सरकतं, सात तास सरकत नाही. हे सांगू शकणारी एकच व्यक्ती दाराबाहेर उभी होती, आणि तिला आत येता येत नव्हतं.

निकाल दुपारनंतर लगेचच सांगितला गेला. अध्यक्षांनी तो वाचला आणि मग चष्मा काढून ते मंजूषाशी हिंदीत बोलले. त्याचा अर्थ असा होता, की तुमच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं, हे आम्हाला कळतं. पण तो दोषी आहे की नाही हे ठरवायला आम्हाला इथे बसवलेलं नाही. आखून दिलेल्या वाटेने सगळे चालले की नाही, एवढंच आम्ही पाहू शकतो. सगळे त्या वाटेनेच चालले आहेत.

“आणि वाटच चुकीच्या घरी गेली असेल तर, साहेब?” मंजूषाने विचारलं.

ते कागद आवरून उठले. कायद्यात दुरुस्ती व्हावी अशी शिफारस त्यांनी निकालाच्या शेवटच्या परिच्छेदात केली आहे, असं काझींनी नंतर सांगितलं. दुसऱ्यांदा दयेचा अर्जही गेला. पीठाने पुरावा ग्राह्य धरलेला नाही, सबब नवीन कारण नाही, असं त्यावर उत्तर आलं.

चांदणीला शेवटच्या भेटीला आणू नको, हा निरोप मंजूषाने सुगंधाला दिला होता. सुगंधाने तो ऐकला. एकटीच भेटून ती बाहेर आली, आणि फाशीच्या दिवशी दोघी तुरुंगाच्या भिंतीबाहेर कडुलिंबाखाली उभ्या राहिल्या. उजाडलं. रस्त्यावरून दुधाच्या गाड्या गेल्या. आतून काहीच आवाज आला नाही. एक शिपाई येऊन काझींच्या कानाशी काही बोलला, तेव्हा कळलं की झालं. सुगंधा रडली नाही. शववाहिकेत पुढे बसायचं की मागे, एवढंच तिने विचारलं.

* * *

निवेदिताची पद्धत सात महिन्यांनी जाहीर झाली. तिन्ही प्रयोगशाळांची उत्तरं जुळली होती. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, पण तिने कुणालाही मुलाखत दिली नाही. त्याच संध्याकाळी विवेकचा फोन आला.

“वहिनी, दादाने दिली असती का हो गाडी?”

“दिली असती, भाऊजी.”

त्याने फोन ठेवला. नंतर मंजूषाने दोनदा लावला, तो त्याने उचलला नाही.

ती पोलिसांकडे गेली. नवा अधिकारी सज्जन होता, त्याने सगळं ऐकून घेतलं. आता पद्धत मान्य झाली आहे, वेळ कळली आहे, तर पहाटे चारला माझ्या घरात कोण आलं होतं ते शोधा, एवढंच तिचं म्हणणं होतं. अधिकाऱ्याने जुनं प्रकरण पडद्यावर उघडलं आणि तो कानकोंडा झाला.

“बाई, कायद्याच्या दृष्टीने तुमच्या मिस्टरांचा आणि मुलीचा खुनी सापडला आहे. त्याला शिक्षाही झाली आहे. हा निकाल उभा असेपर्यंत मला दुसऱ्या कुणाला शोधताच येत नाही.”

“मग निकाल कसा काढायचा?”

मयत आरोपीच्या वारसाने नव्याने अर्ज करायचा, असं त्याने सांगितलं. बायकोने किंवा मुलीने. मंजूषाला तो हक्क नव्हता.

म्हणून ती सुगंधाच्या गावाला गेली. घर लहान होतं, शेणाने सारवलेलं. चांदणी शाळेत गेली होती. सुगंधाने तिला भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली आणि ती जेवेपर्यंत समोर बसली. मंजूषाने समजावून सांगितलं. काझी फी घेणार नाहीत, निवेदिता साक्ष द्यायला तयार आहे, या वेळी तिला आत येऊ देतील. गुणवंत निर्दोष होता हे कागदावर येईल. चांदणीसाठी तरी.

“चांदणीचं नाव आता गावात कोनी काढत नाही,” सुगंधा म्हणाली. “कोर्ट सुरू झालं का पुन्हा काढतीन. टीव्हीवाले येतीन. तिनं बारा वर्षं लय ऐकलं, बाई. तिचा बाप कसा होता ते तिले मालूम हाये, मले मालूम हाये. आमाले कागद नाही पायजे.”

मग तिने खरं काय ते सांगितलं. तुमचा अर्ज झाल्याशिवाय माझ्या मुलीला कुणी मारलं हे कुणी शोधणार नाही.

सुगंधाने ताट उचललं. रागावली नव्हती ती. आवाजही चढलेला नव्हता.

“तुमाले तुमच्या मानसाले कोनं मारलं ते शोधाचं हाये. मले काही शोधाचं नाही. माह्या मानसाले कोनं मारलं ते सगळ्याले मालूम हाये.”

पुन्हा हे मागायला यायचं नाही, हे मंजूषाने तिथेच ठरवलं. सुगंधा तिला रस्त्यापर्यंत सोडायला आली. बस येईपर्यंत दोघी उभ्या राहिल्या. चांदणीची शाळा, यंदाचा कापूस, असं थोडं बोलणं झालं.

बसमध्ये गर्दी होती. साठीच्या एका गृहस्थाने पिशवी मांडीवर घेऊन तिला जागा करून दिली, खिडकी हवी का म्हणून विचारलं. ती नको म्हणाली आणि बसली. थोड्या वेळाने त्याने, कुठे जायचं ताई, असं विचारलं.

“चिंचखेडला.”

“अरे वा. मीही तिथलाच,” तो म्हणाला. “सगळा जन्म तिथेच गेला माझा.”

मंजूषाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पुढच्या बाकावरच्या दोघांकडे पाहिलं, आणि दाराशी दांडी धरून उभ्या असलेल्या माणसाकडे. बस चिंचखेडच्या रस्त्याला लागली होती.